‘ह्या वयात कशाला?’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना

नळी निघाली, टाके सुकले, रक्ततपासणीतला पीएसए शून्याच्या आसपास आला, की प्रोस्टेटच्या कॅन्सरचा रुग्ण बरा झाला असं आपल्याकडे धरून चालतात. मग पेढे वाटायचे, कुलदैवताला जाऊन यायचं, सर्जनच्या पाया पडायचं. आम्हीही हे सगळं केलं आणि मनापासून केलं. ज्या हातांनी माझ्या नवऱ्याचा जीव वाचवला त्या हातांना मी आजही नमस्कार करते. पण त्याच ऑपरेशनमुळे आमच्या संसारातून काय जाणार आहे, हे आधी कुणी सांगितलं नाही आणि नंतर मी विचारलं तेव्हा मला गप्प केलं गेलं. मी बायको आहे, साठीच्या उंबरठ्यावर आहे, आणि नवऱ्याबरोबरच्या माझ्या शरीरसंबंधांबद्दल इथे उघड लिहिणार आहे. ज्यांना हे वाचवणार नाही त्यांनी खुशाल पान उलटावं.

फॉलोअपचा दिवस होता. केबिनमध्ये दोन शिकाऊ डॉक्टर उभे, दारात पुढचा पेशंट फाईल घेऊन. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, छान आहे म्हणाले, लघवी किती गळते विचारलं, व्यायामाचा कागद दिला. मी वाट पाहिली. नवरा बोलणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मीच विचारलं, “डॉक्टर, ह्यांना ताठरता अजिबात येत नाही. हे किती काळ चालेल? काही उपाय करायचा का?” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “काकू, कॅन्सर गेला ना? मग आता ह्या वयात कशाला? नातवंडं खेळवा.” एका शिकाऊ डॉक्टरने हसू लपवायला मान वळवली. नवऱ्याचे कान लाल झाले. परत साताऱ्याला येताना खंबाटकीचा घाट ओलांडला तरी तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता.

त्या एका वाक्याने काय केलं ते त्या डॉक्टरांना कळावं म्हणून सांगते. आजार शरीराचा होता, त्यांनी त्याला निर्लज्जपणाचं लेबल लावलं. जो माणूस त्या दिवसापर्यंत रुग्ण होता, तो त्या दिवसापासून स्वतःला हावरट म्हातारा समजू लागला. तो वेगळ्या खोलीत झोपायला लागला. पाठीवर हात ठेवला तरी दचकायचा, कारण हात ठेवला की पुढे काहीतरी अपेक्षित आहे आणि ते आपल्याला जमणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात. कॅन्सर आमच्या घरात असताना आम्ही एका अंथरुणात होतो. कॅन्सर गेल्यावर आम्ही दोन खोल्यांत गेलो.

आता मुद्द्याचं. डॉक्टरांना हे होणार हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. संमतीपत्रावर ते छापलेलं होतं: इंग्रजीत, बारीक अक्षरांत, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, भूल यांच्या रांगेत मध्येच एक शब्द. काउंटरवरच्या मुलीने जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलने फुल्या मारून ठेवल्या होत्या. “काकू, फुलीवर सही करा.” जवळची नातेवाईक म्हणून खाली माझीही सही घेतली. म्हणजे माझ्या नवऱ्याची ताठरता जाऊ शकते हे मला मान्य आहे, असं मी कागदोपत्री लिहून दिलं, आणि मला तसं कुणी वाचूनही दाखवलं नाही. कोर्टात हा कागद रुग्णालयाच्या बाजूने उभा राहील. माणूस म्हणून विचाराल तर त्याला संमती म्हणता येत नाही.

थोडं शरीरशास्त्र सांगते, कारण ते सांगायचं काम ज्यांचं होतं त्यांनी टाळलं. प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी आहे. लिंगाला ताठरता आणणाऱ्या नसा तिच्या दोन्ही अंगांनी, मागच्या बाजूने, रक्तवाहिन्यांसोबत चिकटून जातात. कित्येक दशकं सर्जन मंडळींना या नसा नेमक्या कुठून जातात हे ठाऊक नव्हतं. ग्रंथी काढताना त्या तुटायच्या आणि जवळपास प्रत्येक पुरुष नपुंसक व्हायचा. १९८१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सचे पॅट्रिक वॉल्श हॉलंडमधल्या लायडनला गेले. तिथे पीटर डॉन्कर नावाचे वयोवृद्ध युरॉलॉजिस्ट मृत जन्मलेल्या अर्भकाच्या शरीरात या नसांचा माग काढत बसले होते. नसा ग्रंथीच्या आत नाहीत, बाहेरून जातात, हे दोघांनी मिळून पाहिलं. पुढच्या वर्षी, १९८२च्या एप्रिलमध्ये, वॉल्श यांनी त्या नसा जाणूनबुजून वाचवून ऑपरेशन केलं. रुग्ण बावन्न वर्षांचा होता आणि वर्षभरात त्याची ताठरता परत आली. म्हणजे हा प्रश्न महत्त्वाचा आहे, त्यासाठी शस्त्रक्रियेची पद्धत बदलायला हवी, हे या शास्त्रातल्या दिग्गजाने चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी मान्य केलं. तीच पद्धत शिकून, तीच आपल्या जाहिरातीत मिरवणाऱ्या सर्जनला ‘ह्या वयात कशाला’ म्हणायचा काय अधिकार?

नसा वाचवल्या म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळं सुरू होतं असंही नाही, आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही. ग्रंथी सोडवताना त्या नसा ताणल्या जातात, दबतात, बधिर होऊन बसतात. त्यांना जागं व्हायला दीड ते दोन वर्षं लागू शकतात, काहींना त्याहून जास्त. या काळात झोपेत येणारी नैसर्गिक ताठरताही बंद असते. त्या ताठरतेमुळे लिंगातल्या पेशींना ताजं, प्राणवायूने भरलेलं रक्त मिळत असतं. ते थांबलं की आतल्या स्पंजासारख्या ऊतींत तंतू वाढतात, लवचीकपणा कमी होतो, लांबीही कमी होऊ शकते, आणि पुढे नसा जाग्या झाल्या तरी आत आलेलं रक्त टिकत नाही. म्हणून वाट पाहण्याचा काळ हा नुसता बसून राहण्याचा काळ नव्हे. दीड-दोन वर्षं थांबायचं आहे हे माझ्या नवऱ्याला कुणी सांगितलं असतं, तर काही महिन्यांतच ‘संपलं’ म्हणून त्याने हात टेकले नसते.

गुडघा बदलला तर दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट वॉकर घेऊन खाटेपाशी हजर असतो. रुग्ण ओरडतो, नको म्हणतो, तरी त्याला उभं करतात. सत्तरीच्या बाईला कुणी विचारत नाही की ह्या वयात चालायचंय कशाला. लघवीवरचा ताबा परत यावा म्हणूनही आम्हाला व्यायामाचा कागद मिळाला, आणि तो उपयोगी पडला. मग त्याच ऑपरेशनने दुखावलेल्या, त्याच भागातल्या दुसऱ्या क्रियेसाठी कागद का नव्हता? त्याचं उत्तर वैद्यकशास्त्रात सापडत नाही. डॉक्टरला लाज वाटते, एवढंच.

आणखी एक गोष्ट. पहिल्यांदा काही घडलं तेव्हा ताठरता नसतानाही नवऱ्याला सुखाची ती लाट जाणवली, पण वीर्य आलं नाही. तो घाबरून उठून बसला. आतमध्ये काहीतरी फुटलं असं त्याला वाटलं. वीर्याचा बहुतांश द्रव प्रोस्टेट आणि शुक्राशयात तयार होतो, ऑपरेशनमध्ये दोन्ही काढतात, शुक्रवाहिन्या बांधतात, त्यामुळे यापुढे कायम कोरडंच राहणार. पण संवेदना वाहून नेणारी नस वेगळ्या वाटेने जाते, ती शाबूत असते, त्यामुळे सुख मिळू शकतं. वृषणं जागेवर आहेत, टेस्टोस्टेरॉन तयार होतंच आहे, म्हणून इच्छाही राहते. (हार्मोन कमी करणारी औषधं चालू असतील तर गोष्ट वेगळी.) हे सांगायला मला किती वेळ लागला? एका श्वासात झालं. हे एका श्वासाचं वाक्य तेव्हा कुणी बोललं असतं, तर तो माणूस मध्यरात्री दिवा लावून, थरथरत बसला नसता.

आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. ‘प्रोस्टेटचं ऑपरेशन’ म्हटलं की लोक सगळं एकाच पोत्यात भरतात. वाढलेली ग्रंथी आतून तासून काढतात ते दुर्बिणीचं ऑपरेशन वेगळं. त्यात ताठरता सहसा जात नाही. बहुतेकांचं वीर्य मात्र बाहेर न येता मूत्राशयात जातं. कॅन्सरसाठी सबंध ग्रंथी काढणं वेगळं. शेजारचे काका पहिलं ऑपरेशन करून येतात आणि ‘मला तर काही झालं नाही’ सांगतात. ते ऐकून दुसऱ्या ऑपरेशनचा माणूस समजतो की दोष आपल्यातच आहे. या गैरसमजाचं खापर मी काकांवर फोडणार नाही.

“पण काकू, कॅन्सर महत्त्वाचा की हे?” असंही मला विचारलं गेलं. कॅन्सर. दहादा विचारा, दहादा हेच सांगेन. गाठ नसांपर्यंत पोचली असेल तर नसा काढायलाच हव्यात, त्यावर माझी काही तक्रार नाही. पण प्रत्येक रुग्णापुढे जीव की संभोग एवढेच दोन पर्याय असतात हे खोटं आहे. ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाची मोठी चाचणी झाली. ग्रंथीपुरता मर्यादित कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली: काहींचं ऑपरेशन, काहींना किरणोपचार, काहींवर नुसती बारकाईने नजर. पंधरा वर्षांनी, २०२३ साली निकाल जाहीर झाला तेव्हा तिन्ही गटांत प्रोस्टेटच्या कॅन्सरने मेलेले शंभरात तीनच्या आसपास होते. आता दुसरे आकडे पाहा. सुरुवातीला संभोगापुरती ताठरता शंभरातल्या ६७ जणांना होती. सहा महिन्यांनी ऑपरेशनच्या गटात ती १२ जणांत उरली, किरणोपचारांच्या गटात २२, नजरेखाली ठेवलेल्यांत ५२. सहा वर्षांनी हेच आकडे १७, २७ आणि ३० होते. वयाने शेवटच्या गटाचंही नुकसान केलं, हे त्यात दिसतं. पण फरक दिसत नाही असं कोण म्हणेल?

आपल्याकडे पुष्कळ रुग्ण आजार पुढे गेल्यावर येतात, त्यामुळे ही निवड सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. ज्यांच्या वाट्याला येते त्यांना तरी हे आकडे दाखवा. एखादा म्हणेल काढून टाका, मला रात्री झोप हवी. एखादा म्हणेल थांबून पाहू. शरीर त्याचं आहे आणि त्याच्यासोबत राहणारी बाई समोर बसलेली आहे.

रोबोटबद्दलही बोलायला हवं. महामार्गावरच्या होर्डिंगवर यंत्राचे चार हात आणि शेजारी हसतं जोडपं. त्या जोडप्याला बघून माणूस काय समजतो? रोबोट आहे म्हणजे नसा शाबूत. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या सार्वजनिक रुग्णालयात रोबोटिक आणि उघड्या ऑपरेशनची रीतसर तुलना झाली. २०१६ साली सुरुवातीचे निष्कर्ष आले, २०१८ मध्ये दोन वर्षांनंतरचे. रोबोटमध्ये रक्त कमी गेलं. लैंगिक क्षमता आणि लघवीचा ताबा यांत दोन्ही गट सारखेच निघाले. नसा वाचतात त्या सर्जनच्या हाताने, त्याच्या अनुभवाने आणि गाठ कुठे आहे त्यावर. वय, आधीची ताठरता, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांचा हिशेब वेगळा. हा हिशेब होर्डिंगवर मावत नाही हे मला समजतं. केबिनमध्ये तो मांडायला कुणाची हरकत आहे?

उपाय आहेत, हे मला दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं. त्यांनी आधी नवऱ्याला, मग मला, मग दोघांना एकत्र बसवलं. पाच प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. पंचवीसपैकी गुण मिळतात त्यात. ते म्हणाले, “हा ऑपरेशनच्या आधी भरायला हवा होता, म्हणजे आपण कुठून निघालो ते कळलं असतं.” पहिली पायरी गोळी. १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं सिल्डेनाफिल आता आपल्याकडे जेनेरिकमध्ये काही रुपयांना मिळतं. पण नसा बधिर असताना गोळीचा परिणाम नीट होत नाही, कारण नसेकडून निघालेल्या संदेशालाच ती बळ देते. हे न सांगता गोळी दिली, की माणूस दोनदा घेतो, काही होत नाही आणि आपण कायमचे गेलो असं ठरवतो. दुसरी पायरी व्हॅक्यूम पंप: नळकांडं, हवा काढायचा हातपंप आणि मुळाशी बसवायची रबराची रिंग, जी अर्ध्या तासात काढलीच पाहिजे. तिसरी पायरी इंजेक्शन.

इंजेक्शन म्हटल्यावर नवरा पांढराफटक पडला. मी माझ्या सासूबाईंना वर्षानुवर्षं इन्सुलिन दिलेलं आहे. मी म्हटलं, शिकवा मला. तेवढीच बारीक सुई. लिंगाच्या बाजूला टोचायची, वरची मधली आणि खालची बाजू सोडून, मग कापसाने काही मिनिटं दाबून धरायचं. पहिला डोस डॉक्टरांनी दवाखान्यातच दिला, किती लागतो ते पाहिलं आणि बजावलं: ताठरता चार तासांवर टिकली तर लाजत घरी बसायचं नाही, थेट इमर्जन्सीत जायचं. नसांच्या संदेशाची वाट न पाहता हे औषध सरळ रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणून गोळी हरते तिथेही ते बहुधा काम करतं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा एका खोलीत आम्ही दोघं नवरा-बायको होतो. मी रडले आणि तोही रडला. कुणाला याची किळस येत असेल तर ती त्याच्यापाशी ठेवावी.

१९८३ साली जाइल्स ब्रिंडली या ब्रिटिश प्राध्यापकाने लास व्हेगासला युरॉलॉजिस्टांच्या भरल्या परिषदेत या इंजेक्शनचा परिणाम दाखवला, तोही स्वतःवर प्रयोग करून, सगळ्यांसमोर. समोर बायकाही बसल्या होत्या. आपल्या विज्ञानाचं खरंखोटं लोकांना कळावं म्हणून एका साठीकडे झुकलेल्या माणसाने एवढं केलं. आणि आमच्या डॉक्टरांना बंद केबिनमध्ये चार मराठी वाक्यं बोलता आली नाहीत.

या सगळ्यानेही भागलं नाही तर इम्प्लांट आहे. भारतात बनणारं, लवचीक कांड्यांचं इम्प्लांट परदेशी पंपवाल्या इम्प्लांटपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. आणि मी कुणालाही खोटी आशा देणार नाही. १९९७ साली इटलीत मिलानच्या माँतोर्सी यांनी ऑपरेशननंतर लवकर इंजेक्शनं सुरू केली, तेव्हा आपली ताठरता परतलेल्यांचं प्रमाण ६७ टक्के दिसलं, न घेणाऱ्यांत २०. पण रुग्ण तीसच होते. पुढे मोठ्या चाचण्यांत रोज रात्री गोळी दिली, आणि गोळी थांबवल्यावर त्या लोकांची नैसर्गिक ताठरता इतरांपेक्षा सरस ठरली नाही. म्हणून ‘आमचं सहा महिन्यांचं पॅकेज घ्या, पूर्ववत व्हाल’ म्हणणाऱ्यांवरही माझा तेवढाच राग आहे. काहींची ताठरता परत येते, काहींची अर्धी येते, काहींना कायम मदत लागते. मदत घेऊन संसार चालतो. चष्मा लावणाऱ्याला कुणी आंधळा म्हणत नाही.

डॉक्टर बोलत नाहीत तेव्हा पुरुष गप्प बसत नाहीत, ते चोरवाटेने जातात. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त संतापजनक वाटते, कारण इथे माणूस मरू शकतो. चिठ्ठीशिवाय मेडिकलमध्ये गोळी मिळते. दुकानदार विचारत नाही की छातीसाठी काही घेता का. आपल्याकडे साठीपुढच्या कितीतरी माणसांच्या पाकिटात सॉर्बिट्रेट असतं. सिल्डेनाफिल आणि सॉर्बिट्रेट एकत्र घेतलं तर रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. हे ज्याने सांगायचं तो नातवंडं खेळवायला सांगून मोकळा झालेला असतो. मी स्वतः चिठ्ठी घेऊन दुकानात गेले तेव्हा दुकानदाराने विचारलं, “कुणासाठी?” मी म्हटलं, “माझ्या नवऱ्यासाठी.” त्याने गोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या. त्याच दुकानात सॅनिटरी पॅडही गुंडाळूनच मिळतात.

दुसरी चोरवाट एसटी स्टँडच्या भिंतीवर आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेली असते: गुप्तरोग, खात्रीशीर इलाज, तंबूत या, फोन करा. १९५४च्या कायद्याने लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना बंदी आहे. भिंतींनी तो कायदा वाचलेला नाही आणि ज्यांनी वाचला ते तिकडे बघत नाहीत. जडीबुटी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेलं असतं, हे जगभरच्या औषध नियंत्रकांनी वेळोवेळी पकडलेलं आहे. म्हणजे आयुर्वेदिक आहे, अपाय नाही, असं समजून हृदयरोगी तेच घेतो जे त्याने घ्यायचं नाही. या भोंदूंना गिऱ्हाईक कोण पाठवतं? शिकलेसवरलेले, पांढऱ्या कोटातले, अबोल डॉक्टर पाठवतात.

आणि हे महाराष्ट्रात घडतं. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली इथेच ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि मरेपर्यंत, १९५३पर्यंत चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते छापील उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून त्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्वे खटला हरले, दंड भरला आणि पुढचा अंक काढला. पदरमोड करून एका माणसाने जे प्रश्न अंगावर घेतले, ते प्रश्न आज कोट्यवधींची यंत्रं असलेल्या रुग्णालयात विचारले तर मान वळवून हसतात. कर्व्यांच्या नावाने व्याख्यानं ठेवणाऱ्या महाराष्ट्रातली ही गोष्ट आहे.

पैशाचं थोडक्यात सांगते. ब्रिटनच्या सरकारने १९९९ साली या गोळ्या सरसकट सगळ्यांना सरकारी खर्चाने द्यायला नकार दिला, पण ज्यांना मिळाव्यात अशा आजारांची यादी केली, त्यात प्रोस्टेटचा कॅन्सर आणि प्रोस्टेटचं ऑपरेशन ही दोन्ही नावं घातली. ऑपरेशनने जे गेलं ते परत मिळवायला मदत करणं हा उपचाराचाच भाग, इतका साधा विचार. आमच्या मेडिक्लेमने रोबोटचं बिल मुकाट्याने भरलं आणि पंपाचं बिल परत पाठवलं, शेरा मारून: गरजेचं नाही. कुणाच्या गरजेचं नाही? त्या शेऱ्याखाली सही करणाऱ्याने मला फोन करून विचारायला हवं होतं.

आता बायकांविषयी, कारण त्यांच्यावर तर कुणी लिहीतच नाही. हे कळल्यावर मैत्रिणी म्हणाल्या, “सुटलीस बाई.” ज्या बाईला खरोखर सुटल्यासारखं वाटत असेल तिचं दुःख जुनं आणि वेगळं आहे, मी तिला दोष देणार नाही. पण मी सुटले नव्हते, माझं काहीतरी गेलं होतं. माझ्याही शरीराचं वय झालेलं आहे. पाळी गेल्यावर योनी कोरडी पडते, नाजूक होते; मधे मोठा खंड पडला की आणखीच. नवऱ्याची गाडी रुळावर आली तेव्हा मला वेदना होऊ लागल्या, आणि त्याला वाटलं मला आता तो नकोसा झालाय. वंगणाची जेल, लागलंच तर इस्ट्रोजेनचं मलम, एवढ्याने माझं निभावलं. पण हे सांगायला मलाच स्त्रीरोगतज्ज्ञ शोधावी लागली. ज्या उपचारात दोन शरीरं गुंतलेली आहेत, त्यात दुसऱ्या शरीराची फाईलच उघडलेली नसते.

“आम्हाला वेळ नसतो,” असं डॉक्टर म्हणतील. ओपीडीची गर्दी मी पाहिली आहे. त्यांचा थकवा खरा आहे. मग हे काम शिकलेल्या नर्सकडे द्या, समुपदेशकाकडे द्या, मराठीत छापलेली चार पानं द्या. “रुग्णच विचारत नाहीत,” असंही म्हणतील. रुग्ण शौचाबद्दलही आपणहून बोलत नाही, तुम्ही विचारता तेव्हा सांगतो. ‘ह्या वयात’ हा शब्दच मला मान्य नाही. ज्या वयात तुम्ही पोट उघडायला कचरत नाही, त्या वयात तोंड उघडायला कसले कचरता?

म्हणून माझं मागणं आहे. ऑपरेशन ठरलं की नवरा-बायको दोघांना समोर बसवा. ते पाच प्रश्न आधीच भरून घ्या. संमतीपत्र मराठीत द्या आणि वाचून दाखवा. नसा दोन्ही बाजूंच्या वाचणार की एका बाजूच्या, की एकही नाही, ते आधी अंदाजाने आणि नंतर नक्की सांगा. नळी निघते त्या दिवशीच पुढच्या दोन वर्षांचा उपचार लिहून द्या. आणि प्रत्येक सर्जनने स्वतःचे आकडे लावावेत, परदेशातले नकोत. यश कशाला म्हणायचं हे प्रत्येकजण आपापल्या सोयीने ठरवतो, म्हणून कुणी तीस टक्के सांगतो, कुणी नव्वद. तेव्हा सरळ लिहा: माझ्या हाताखालून गेलेल्या किती जणांच्या नसा वाचल्या, दोन वर्षांनी किती जणांना गोळीशिवाय संभोग करता येतो, किती जणांना गोळीने, किती जणांना इंजेक्शनने, आणि किती जणांना मी कधी विचारलंच नाही. हे आकडे ज्याच्यापाशी नाहीत, त्याने महामार्गावरचं हसतं जोडपं आधी खाली उतरवावं.